मोंघी म्हशीचे ऐंशी टक्के

वसंत जगताप म्हशीचं शेण झेलायचा, आणि हे काम तो फार सुरेख करायचा.

झेलायचा म्हणजे खरोखरच झेलायचा. म्हशीच्या मागे दोन पावलांवर, गुडघे किंचित वाकवून, दोन्ही हातांत घमेलं धरून तो उभा राहायचा. म्हशीची शेपटी जरा उचलली, पाठीला बारीकशी कमान आली, की हा पुढे सरकलाच. शेण जमिनीवर पडायच्या आत घमेल्यात. बडोद्याहून पादरा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पशुआहार तपासणीचं एक छोटं केंद्र होतं. पुढे प्रयोगशाळा आणि मागे चार म्हशींचा गोठा. एकोणीसशे ब्याऐंशी सालच्या हिवाळ्यात तिथे हे दृश्य रोज दिसायचं, आणि रस्त्याने जाणारे टेम्पोवाले गाडी हळू करून ते बघायचे.

ही विद्या वसंताला क्रिकेटने दिली होती. तरुणपणी तो एका क्लबकडून सेकंड स्लिपला उभा राहायचा. फलंदाजी बेताची, गोलंदाजी नावाला. पण बॅटची कड घेऊन आलेला चेंडू कधी त्याच्या हातून सुटला नाही. नुसत्या झेलांवर कोणी नोकरी देत नाही. त्यामुळे चौतिशी उलटली तरी तो या कारखान्यात चार महिने, त्या गोदामात सहा महिने, असाच फिरत होता. मग या केंद्रात माणूस हवाय असं कळलं. केंद्राच्या प्रमुख होत्या शालिनी दिवेकर. बडोद्याच्या रिवाजाप्रमाणे त्या सगळ्यांच्या शालिनीबेन होत्या, मराठी माणसांच्यासुद्धा.

"काय येतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"झेल घेता येतात," वसंत म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही.

शालिनीबेन हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचं बाटलीचं काचेचं बूच उचललं आणि काही न सांगता त्याच्या डाव्या खांद्याच्या दिशेने भिरकावलं. वसंताने ते डाव्या हाताने अलगद पकडलं आणि अदबीने परत टेबलावर ठेवलं.

"सोमवारपासून या," शालिनीबेन म्हणाल्या.

तेव्हापासून वसंत तिथे रोजंदारीवर होता. तो राहायचा त्या सुभानपुऱ्यात शेजारी विचारायचे तेव्हा त्याची बायको अहल्या सांगायची, "सॅम्पलिंगमध्ये आहेत." तिचे वडील प्रतापराव बडोद्यातच समा भागात राहायचे. ते एक पायरी वर चढून आपल्या सोसायटीत सांगायचे, "आमचे जावई सॅम्पलिंग ऑफिसर." कसलं सॅम्पलिंग, असं कोणी विचारलंच, तर प्रतापराव यंदा थंडी किती पडली त्याविषयी बोलायला लागायचे.

आता शेण झेलायचं कशासाठी, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला. पहिल्याच दिवशी शालिनीबेननी वसंताला समोर बसवून ते समजावलं होतं.

"तुमच्या मुलीला पोह्यांतले शेंगदाणे आवडतात?"

"निरूला? छे! एकूण एक वेचून बशीत ठेवते."

"उत्तम. समजा, पातेल्यातल्या प्रत्येक वाटीभर पोह्यांत दहा दाणे आहेत. निरूने किती खाल्लं ते आपण पाहिलेलं नाही. आपल्यासमोर आहे ती फक्त तिची उष्टी बशी. त्यातलं वाटीभर घेतलं, दाणे मोजले, तर निघाले पंचवीस. तर ही वाटी मुळात किती वाट्यांची होती?"

वसंताने बोटांवर मोजलं. "अडीच."

"उरली एक. मग खाल्ली?"

"दीड."

"अडीचातली दीड. म्हणजे शंभरातले साठ. निरूचं तोंड न बघता, नुसत्या बशीवरून कळलं. म्हशीचं अगदी तसंच. ती जे खाते त्यात निसर्गानेच दाणे टाकून ठेवलेत. गवताच्या पात्यात, कोंड्यात वाळूसारखा एक अंश असतो. तो म्हशीला पचत नाही. जसा जातो तसा बाहेर येतो. आपण खाणं जाळतो, शेण जाळतो, दोन्हींची राख आम्लात उकळतो. उरतो तो हा अंश. खाण्यात किती आणि शेणात किती, हे मोजलं की म्हशीने किती पचवलं ते कळतं."

वसंताने दाराबाहेर गोठ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "आणि शेण जमिनीवर पडलं तर?"

शालिनीबेनच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "तर त्याला वाळू चिकटते. म्हणजे निरूच्या बशीत कोणीतरी बाहेरून मूठभर दाणे टाकले. आपण मोजतो आणि म्हणतो, वा, पोरीने केवढं खाल्लं! आणि पोर असते उपाशी. म्हणून झेलायचं."

त्या दिवसापासून वाळूचा एक कणही वसंताला स्वतःचा अपमान वाटू लागला.

त्या हिवाळ्यात पादऱ्याच्या जशभाई पटेलांनी एक नवं दाण बाजारात आणायचं ठरवलं. दाण म्हणजे गुरांचा खुराक. पेंड, कोंडा, डाळीची चुरी असं सगळं एकत्र केलेला. ते किती पचतं याचा दाखला त्यांना केंद्राकडून हवा होता. चारही म्हशींना तीन आठवडे ते दाण खायला घातलं, आणि शेवटचे चार दिवस वसंत घमेलं घेऊन उभा राहिला. तीन म्हशी गरीब होत्या. चौथी मोंघी. ती जाफराबादी, वळलेल्या शिंगांची, आणि मागे कोणी उभं राहिलेलं तिला मुळीच खपायचं नाही. ती मान वळवून वसंताकडे बघत राहायची आणि तो जांभई देईपर्यंत काही करायची नाही. तरी तिचाही एक नमुना वसंताने सोडला नाही.

नमुने भट्टीत वाळले. आता ते दळून त्यांचं पीठ करायचं. आणि नेमकी त्याच दिवशी दळायच्या यंत्राची मोटर जळली. मोटर अहमदाबादला गेली. दुरुस्तीवाला "आठ दहाडामां" म्हणाला, आठ दिवसांत, म्हणजे महिना धरून चालायचा. अहवाल तर पुढच्या शुक्रवारी द्यायचा होता.

तेव्हा कमलामावशी पुढे आल्या. त्या प्रयोगशाळेत वीस वर्षं होत्या. बाटल्या धुणं, भट्टी पेटवणं, चहा करणं आणि शालिनीबेनना वेळेवर जेवायला लावणं ही सगळी कामं त्यांची.

"वाळलेलंच आहे ना?" त्या म्हणाल्या. "मी देते पाट्यावर वाटून. यंत्राच्या आधी काय माणसं दळत नव्हती का?"

शालिनीबेनना कल्पना पटली. चहाच्या खोलीत एक पाटा होता, वीस वर्षांच्या चटण्यांनी गुळगुळीत झालेला. त्या तिकडे वळल्या, तशा कमलामावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"दाण वाटीन यावर. दाण म्हणजे धान्यच. पण शेण? माझ्या पाट्यावर?"

"मावशी, नंतर धुऊन घेऊ."

"गाईचं असतं तर एक वेळ विचार केला असता. म्हशीचं तर नावच काढू नका, बेन. उद्या याच पाट्यावर तुमची लसणाची चटणी वाटायची आहे मला."

चटणीचा मुद्दा बिनतोड होता. शेणासाठी नवा पाटा-वरवंटा आणायचं ठरलं. वसंतच सायकलवरून गेला आणि पाथरवटाकडून पावागढचा काळाभोर पाटा घेऊन आला. ताजी टाकी लावलेला, छिन्नीचे घाव अजून चकाकत होते. दाण जुन्या पाट्यावर, शेण नव्यावर. शालिनीबेननाही व्यवस्था आवडली. "नमुन्यांची सरमिसळ नको, हे शास्त्राला धरूनच आहे," त्या म्हणाल्या. मावशींनी चार दिवस पदर खोचून, नाकाला फडकं बांधून, रोज एका दिवसाचे नमुने असं राखीव भाग सोडून सगळं वाटून दिलं. मग जाळणं झालं, आम्लात उकळणं झालं, वजनं झाली. बुधवारी दुपारी शालिनीबेननी आकडेमोड केली, खोडली, पुन्हा केली, आणि चष्मा काढून पुसला.

उत्तर आलं होतं ऐंशी.

साध्या चाऱ्यावरची म्हैस साठाच्या आसपास पचवते. फार चांगलं दाण असलं तर दोन-चार वर. ऐंशी म्हणजे निरूने पाच वाट्या पोह्यांतल्या चार संपवल्या. ऐंशी म्हणजे म्हैस नव्हे, ती वीटभट्टीच झाली.

गुरुवारी सकाळी शालिनीबेननी वसंताला बोलावलं. टेबलावर दोन गोष्टी होत्या. एक, राखेने भरलेली चिनी मातीची छोटी मूस. दुसरी, एक टाइप केलेला कागद. तो कागद वसंताने ओळखला. त्याला नोकरीत कायम करावं अशी शिफारस होती ती. महिनाभर तो त्या कागदाची वाट बघत होता; अहल्या त्याहून जास्त. कागदावर सगळं होतं, फक्त खाली सही नव्हती.

"जगताप, बसा. खरं सांगा. किती वेळा सुटलं?"

"काय सुटलं, बेन?"

"शेण. जमिनीवर किती वेळा पडलं आणि तुम्ही उचलून घमेल्यात टाकलंत?"

वसंताच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "एकदाही नाही."

"पहिल्या दिवसाचा आकडा चौऱ्याऐंशी. दुसऱ्या दिवसाचा एक्याऐंशी. मग अठ्ठ्याहत्तर. मग सत्त्याहत्तर. रोज उतरत गेलाय. म्हणजे पहिल्या दिवशी बराच निष्काळजीपणा, मग हळूहळू सुधारणा. मी समजू शकते. ती मोंघी कोणाचीही परीक्षा बघते. पण मला सांगायला हवं होतं."

"मी बारा वर्षं स्लिपला उभा होतो, बेन," वसंत म्हणाला. "टप्पा पडलेला झेल मी कधी मागितला नाही. पंचाने दिला तरी परत केलाय."

शालिनीबेननी त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं. त्यांना हा माणूस आवडत होता, म्हणूनच जास्त राग आला होता. त्यांनी मूस त्याच्यापुढे सरकवली. "मग ही वाळू कोणाची?"

वसंताने मूस उजेडात धरली. तळाशी राखाडी भुकटी होती, आणि तिच्यात बारीक काळसर कणी चमकत होती. तो बघतच राहिला. मग एकदम उठला, गोठ्यात धावला आणि मूठ भरून परत आला. त्याने मूठ पांढऱ्या कागदावर रिकामी केली.

"बेन, ही गोठ्यातली वाळू. महीच्या पात्रातली. पिवळट पांढरी आहे. बाहेरची माती बघा, तीसुद्धा पिवळी. माझ्या सगळ्या पँटी गुडघ्यावर याच रंगाने गेल्या. ही मुशीतली काळी आहे. ही आमच्या जमिनीची नाहीच."

शालिनीबेननी दोन्हींकडे भिंगातून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"भट्टीत रंग बदलतो," त्या शेवटी म्हणाल्या. पण आवाजातली धार थोडी कमी झाली होती. "हे चांगलं निरीक्षण आहे, जगताप. पण हा पुरावा नाही. काळी वाळू आली कुठून ते दाखवा. उद्या चारला मुख्य कार्यालयाचं टपाल जातं. अहवालही त्यातच, आणि हा कागदही. गेला तर सहीनिशी जाईल. नाहीतर जाणारच नाही."

एवढ्यात दार धाडकन उघडून जशभाई आत आले. आकडा त्यांना कोणी सांगितला देव जाणे.

"एंशी!" ते ओरडले. "शालिनीबेन, एंशी टका! मी दाणाच्या कोथळ्यावर, पोत्यावर छापायला सांगून टाकलं. लाल अक्षरात!"

"जशभाई, तो आकडा चुकला आहे."

"आंकडो सरस छे, बेन! चुकलाय कशावरून?"

"शेणात वाळू गेली आहे. बहुतेक जमिनीवर पडलं असावं."

जशभाईंनी वसंताला घट्ट मिठी मारली. "आमचे वसंतभाई? जमिनीवर? शुं वात करो छो! एक पण कॅच न छोडे! मी स्वतः रस्त्यावर गाडी उभी करून बघितलंय. अरे, असा फिल्डर इंडिया टीममध्ये नथी!"

वसंताचा चेहरा पडला. जगात त्याच्या बाजूने एकच माणूस उभा राहिला होता, आणि तो नेमका असा, की ज्याने बाजू घेतल्यावर खरं बोलणाराही खोटा वाटावा. शालिनीबेननी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि कागद खणात ठेवून दिला.

शुक्रवारी वसंत सात वाजताच आला. काळी वाळू शोधायला त्याने आधी भट्टी तपासली. भट्टीच्या विटा लाल. मग छताकडे बघितलं. छत पांढरं. रस्त्यावर डांबराची खडी टाकत होते, ती काळी होती. पण ती उडून बंद भट्टीत जायची, तर वाटेत चहाच्या खोलीतून वळण घ्यावं लागलं असतं. घमेलं त्याने उलटं करून, सुलटं करून, कानाशी वाजवून बघितलं. दहा वाजले तरी हाती काही नाही. शेवटी तो चहाच्या खोलीच्या पायरीवर जाऊन बसला आणि दोन्ही हात डोक्याला लावले.

"चहा घे," कमलामावशी म्हणाल्या. "तोंड बघ किती उतरलंय. म्हशीने लाथ मारली का?"

"मारली असती तर बरं झालं असतं, मावशी."

"मग उठ आणि तेवढा पाटा बाजूला उभा करून ठेव. शेणाचं काम संपलं ना? घरी नेते तो. माझ्या सुनेला हवाय."

वसंताने पाटा उचलला. उचलताना हात घासला, आणि तळहाताला काहीतरी खरखरीत लागलं. त्याने हात उलटा करून बघितला. तळहातावर काळी कणी होती.

तो पाटा हातात धरून तसाच उभा राहिला.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "या पाट्यातून कणी निघते?"

"निघणारच! नवी टाकी लावलेली. आता सून आधी दोनदा तांदूळ वाटून टाकून देईल, मग मीठ वाटेल, मग कुठे खायचं वाटण. नव्या पाट्यावरचं पहिलं वाटण कोणी खातं का? दात पडतील."

"मग तुम्ही शेण वाटायच्या आधी तांदूळ वाटले होते?"

कमलामावशींनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्याचं डोकं फिरलंय.

"शेणासाठी तांदूळ फुकट घालवू? शेण कोण खाणार होतं?"

वसंत मोठ्याने हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रोज उतरत जाणारा आकडा त्याच्या डोळ्यांपुढे आला. चौऱ्याऐंशी, एक्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर, सत्त्याहत्तर. तो सुधारत नव्हता. पाटा झिजत होता! तो पाटा तसाच छातीशी धरून शालिनीबेनच्या खोलीकडे पळाला. कमलामावशी मागोमाग धावल्या, कारण पाटा सुनेला द्यायचा होता.

शालिनीबेननी सगळं ऐकून घेतलं.

"शक्य आहे," त्या म्हणाल्या. "पण शक्य आहे म्हणजे झालंय असं नाही. करून दाखवा."

"याच्यावर पुन्हा काहीतरी वाटायचं," वसंत विचार करत म्हणाला. "असं काहीतरी, की ज्याच्यात स्वतःची वाळू मुळीच नाही. आणि नंतर ते नाहीसं करता आलं पाहिजे, म्हणजे उरेल ती पाट्याची."

"बरोबर. असं काय आहे?"

वसंताने चहाच्या खोलीकडे बघितलं. "साखर!"

शालिनीबेन दुसऱ्यांदा हसल्या. साखर पाण्यात विरघळते, दगड विरघळत नाही. यापेक्षा सोपा प्रयोग त्यांनाही सुचला नसता.

आता कमलामावशींची समजूत घालायची होती. आपल्या पाट्यावर आळ आलेला त्यांना आवडला नव्हता. "माझ्या पाट्यात खोट निघाली तर बघा," असं बजावत त्यांनी तो कढत पाण्याने तीनदा धुतला, वाळवला, आणि शंभर ग्रॅम साखर मोजून वाटायला घेतली. पिठासारखी पांढरी, मऊ साखर झाली. थोडी करडी छटा होती, पण ती बघणाऱ्याला दिसेल तर. ती त्यांनी एका काचेच्या बशीत काढून टेबलावर ठेवली. शालिनीबेन गाळायचा कागद आणायला कपाटाकडे वळल्या, आणि वसंत पाणी आणायला बाहेर गेला.

तेवढ्यात जशभाई आले. अहवाल घ्यायला चार वाजेपर्यंत थांबायची त्यांची तयारी नव्हती.

"दळेली खांड!" बशीतली पिठीसाखर बघून ते आनंदाने म्हणाले. "वाह! मगस बनाववानो छे? एंशी टक्क्यांचं तोंड गोड करायला?"

वसंत भांडं घेऊन दारात पोचला तेव्हा जशभाईंनी चांगली चिमूट भरली होती आणि ती तोंडाच्या वाटेवर होती.

"जशभाई, नको!" वसंत ओरडला आणि झेपावला. बारा वर्षं स्लिपला उभं राहिलेला माणूस. पण हातात पाण्याचं भांडं होतं. चिमूट तोंडात गेली.

आणि एक आवाज सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला. कच्च.

जशभाईंचा चेहरा बदलला. त्यांनी जीभ गालातून फिरवली. पुन्हा एकदा, कच्च.

"आमां तो कांकरी छे!" ते कळवळून म्हणाले. "शालिनीबेन, तुमच्या साखरेत खडे आहेत! माझा दात!"

"खात्री आहे?" शालिनीबेननी विचारलं. त्यांनी पेन उचललं होतं.

"खात्री म्हणजे? माझे स्वतःचे दात आहेत! वाळू आहे वाळू! कोणत्या दुकानातून आणली?"

"दुकानाची चूक नाही. ती या नव्या पाट्यावर वाटली आहे. ही वाळू पाट्याची. आणि याच पाट्यावर वाटलेल्या नमुन्यांचा आकडा ऐंशी आला, जशभाई."

जशभाईंना बोलण्याचा पहिला अर्धा भाग कळला तेव्हा ते खट्टू झाले. आपल्याच दातांनी आपला आकडा खाल्ला, हे त्यांच्या लक्षात आलं. दुसरा अर्धा भाग कळायला थोडा वेळ लागला.

"याच पाट्यावर वाटलेले नमुने," ते सावकाश म्हणाले. "नमुने म्हणजे... शेनो नमुनो? कशाचे?"

शालिनीबेननी पाट्याकडे बघितलं. कमलामावशींनी तेवढं सांगितलं, "तीनदा धुतलाय हो. कढत पाण्याने."

जशभाई नळाकडे ज्या वेगाने गेले, त्या वेगाने मोंघीसुद्धा कधी दाणाकडे गेली नव्हती. ते पंधरा मिनिटं चुळा भरत होते. मधूनमधून "मोंघी?" असा प्रश्न ऐकू यायचा, आणि कमलामावशी धीर द्यायच्या, "चौघींचं होतं हो, एकटीचं नाही."

शालिनीबेननी मात्र काम सोडलं नाही. उरलेली साखर पाण्यात विरघळवली, गाळली, वाळवली, वजन केलं. शंभर ग्रॅम साखरेतून तीन ग्रॅमच्या वर काळी कणी निघाली. त्यांनी ती मुशीतल्या कणीशेजारी भिंगाखाली ठेवली. मग भिंग वसंताच्या हातात दिलं. दोन्ही कण्या सख्ख्या बहिणी होत्या.

साडेतीन वाजले होते. शालिनीबेन लिहायला बसल्या. अहवालात त्यांनी आकडा लिहिला नाही. नमुने वाटताना दगडाची कणी मिसळली, राखून ठेवलेल्या वाळल्या नमुन्यांवरून तपासणी पुन्हा करू, असं लिहिलं. चूक केंद्राची होती, तेही लिहिलं. मग थोडं थांबून आणखी एक ओळ घातली आणि कागद वसंतापुढे धरला. "शेणाचे सर्व नमुने जमिनीस न लागता गोळा करण्यात आले, याची खात्री करून घेतली आहे."

वसंताने ती ओळ दोनदा वाचली. एवढ्या वर्षांत त्याच्या झेलांबद्दल कागदावर कोणी कधी काही लिहिलं नव्हतं.

"जगताप," शालिनीबेन म्हणाल्या, "मी काल तुमच्याशी चुकीचं बोलले. आकडा उतरताना मला तुम्ही दिसलात, पाटा दिसला नाही. शास्त्र शिकवणाऱ्या बाईने असं करायचं नसतं."

"असू द्या, बेन. पाट्याकडे कोण बघतं?"

त्यांनी खणातून दुसरा कागद काढला, सही केली आणि दोन्ही कागद पाकिटात घातले. चारच्या टपालाला पाकीट गेलं, ते वसंत स्वतः घेऊन गेला. रस्ता ओलांडताना त्याने पाकीट दोन्ही हातांनी धरलं होतं.

मोटर खरंच महिन्याने आली. उरलेले नमुने यंत्रावर दळले, तेव्हा आकडा आला एकसष्ट. जशभाईंनी तो ऐकून घेतला, दाढेला जीभ लावून बघितली, आणि म्हणाले, "एकसष्ट पण खराब नथी." लाल ऐंशी छापलेली पोती त्यांनी उलटी करून वापरली.

त्याच आठवड्यात कायम केल्याचं पत्रही आलं. अहल्याने शेजारी पेढे वाटले. प्रतापरावांनी समाच्या सोसायटीत ते पत्र चष्मा लावून मोठ्याने वाचून दाखवलं, फक्त कामाचं स्वरूप लिहिलेली ओळ वाचताना त्यांना खोकला आला.

सोमवारी वसंत नवी कोरी पँट घालून कामावर आला. गोठ्यात शिरताना त्याला आतून वेगळाच आवाज ऐकू आला. म्हशी एका बाजूला सरकवल्या होत्या आणि उरलेल्या जागेत दोन ओळी बांधल्या होत्या. शालिनीबेन वही घेऊन उभ्या होत्या.

"या जगताप. आता कायम झालात, तर मोठं काम घेऊ. नव्या चाऱ्याची तपासणी आहे. सोळा शेळ्या."

वसंताने शेळ्यांकडे बघितलं. एक शेळी त्याच्याकडे बघून बें बें करून ओरडली आणि तिने तिथल्या तिथे टपटपटपटप लेंड्या टाकल्या. वीस-पंचवीस तरी असतील. त्या दाही दिशांना उडाल्या, टप्पे खाल्ले आणि गोठ्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात घरंगळत गेल्या.

"यांना टप्पा चालेल का, बेन?" वसंताने विचारलं.

"नाही," शालिनीबेन म्हणाल्या.

वसंताने नव्या पँटचे पाय दुमडले, घमेलं उचललं, दोन पावलं मागे सरकून उभा राहिला, आणि गुडघे वाकवले.